रामधनच्या तब्येतीची चौकशी

सदर इसमाचे नाव नानाजी गावंडे. राहणार पुसद, जिल्हा यवतमाळ. राज्य: १९५६ च्या ऑक्टोबरअखेर मध्य प्रदेश, त्यानंतर मुंबई, १९६० च्या मे महिन्यापासून महाराष्ट्र, या काळात सदर इसमाने घर बदललेले नाही. हुद्दा: देवीची लस टोचणारा, सेवानिवृत्त. विशेष ओळख: वैद्यकविषयक जुन्या कलापदकांचा जिल्ह्यातील सर्वांत मोठा संग्राहक. दुसरा संग्राहकच नसल्यामुळे या विधानाला अद्याप कोणी हरकत घेतलेली नाही. वर्तणूक चांगली. परक्या माणसाच्या प्रकृतीविषयी असामान्य आस्था.

या शेवटच्या वाक्याचा खुलासा करणे भाग आहे.

नानाजींची हयात गावोगाव दंड टोचत गेली. लोक त्यांना देवीडॉक्टर म्हणत आणि ते दिसले की पोरं कपाशीच्या पऱ्हाटीत लपवत. १९५७ साली मिशनचा म्हातारा डॉक्टर विलायतेला परत निघाला तेव्हा त्याच्या सामानाचा लिलाव झाला. पलंग सावकाराने घेतला. दात उपटायची खुर्ची न्हाव्याने घेतली आणि पुढे पुसदच्या कितीतरी प्रतिष्ठित दाढ्या तिच्यावर झाल्या. एका लाकडी डब्यावर मात्र कोणी बोलीच लावेना. तो नानाजींनी घेतला.

डब्यात मखमल, मखमलीत खळगे आणि प्रत्येक खळग्यात एकेक पदक. युरोपातल्या कारागिरांनी काशात नि चांदीत ओतलेली, शंभर-दीडशे वर्षांची. एकावर प्लेगने ओस पडलेलं शहर. एकावर शल्यवैद्य एका गृहस्थाचा पाय कापतोय आणि दोघांच्याही चेहऱ्यावर सारखीच शांतता. एकावर दाढीवाला वैद्य रोग्याच्या लघवीची बाटली उजेडात धरून, बाजारात गोडं तेल पारखावं तशी पारखतोय. नानाजी या मंडळींच्या प्रेमातच पडले. इंदुताईंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीने, पहिल्याच आठवड्यात त्यातली दोन पदकं चिंच आणि राखेने घासून लोट्यासारखी लख्ख केली. जुन्या काशावरचा जो काळपट रंग जाणकार जिवापाड जपतात, तो एका दुपारी मोरीतून वाहून गेला.

"काळं पडलं होतं, घासलं," इंदुताई म्हणाल्या. "तुमच्या पदकाले काय वेगळा काळेपणा असते का?"

पण खरं दुःख ते नव्हतं. डब्यातला एक खळगा रिकामा होता. त्याखालच्या चिठ्ठीवर मिशनच्या डॉक्टरसाहेबाच्या अक्षरात लिहिलं होतं: देवीची लस, बाई, बालक आणि गाय, चांदी. म्हणजे प्लेगचं पदक होतं, पाय कापण्याचं होतं, आणि ज्या कामात नानाजींची हाडं झिजली नेमकं त्याचंच नव्हतं. तो खळगा डोळे मिटायच्या आत भरायचा, एवढी एकच इच्छा त्यांना उरली.

पदक सापडायला वेळ लागला नाही. नोकरीच्या शेवटच्या वर्षी पुसदजवळच्या एका बंजारा तांड्यात ते टोचायला गेले. जमनाबाई नातीला घेऊन पुढे बसली. तिच्या कानशिलाशी केसात गुंफलेल्या चांदीच्या घुगऱ्या. एका बाजूला घुगरीखाली राणीछाप रुपया लोंबत होता आणि दुसऱ्या बाजूला बाई, बालक आणि गाय. वरच्या कडेला सोनाराने कडी डागलेली.

"हे कुठचं वो, बाई?"

"सासूचं. आमचे धनी लहान होते तवा मिशनच्या साहेबानं त्यायले टोचलं. तांड्यातलं पयलं पोर. रडले नाही म्हणून साहेबानं खुशीनं देल्लं."

नानाजींनी नवी चांदी देऊ केली. तसाच घाट सोनाराकडून घडवून देतो म्हणाले. जमनाबाई हसली. तांड्यात घुगऱ्या म्हणजे सौभाग्याचं लेणं. लग्नात चढतं आणि नवरा गेल्यावरच उतरतं.

"धनी हायेत तोवर हे उतरत नाही, डागदरदादा. मंग न्या खुशाल."

बाई थट्टेत बोलली. नानाजींनी मात्र ते करारासारखं घेतलं.

त्यानंतर ते बाजाराच्या दिवशी न चुकता तांड्यावाल्यांच्या गाड्यांशी जाऊन उभे राहत. रामधन, म्हणजे जमनाबाईचा धनी, दिसला की त्याची जीभ पाहत, डोळ्याची खालची पापणी ओढत, नाडी धरत. "दम लागते का? भूक कशी हाये?" रामधन काटक गडी. भूक उत्तम होती. नानाजी खिन्न होऊन घरी येत.

तांड्यात मात्र त्यांचं नाव झालं. सरकारी माणूस पेन्शनीत गेला तरी गरिबाची नाडी पाहतो, असं तांड्याचे नाईक गुलाबसिंग चारचौघांत सांगू लागले.

इंदुताईंना खरं काय ते माहीत होतं. "दुसऱ्याच्या मरणाची वाट पाहत बसते त्याले आमच्या माहेरी गिधाड म्हनत," त्या भाकरी थापता थापता म्हणत. "तुमच्यात संग्राहक म्हनतात."

"मी त्याचं वाईट चिंतत नाही."

"नाही नं. फक्त चौकशी करता."

१९६२ च्या थंडीत रामधन तापाने पडला. छाती भरली, श्वासाला घरघर लागली. सगळा तांडा आपसूक नानाजींच्या दारात आला, कारण रामधनची एवढी काळजी असलेला दुसरा माणूस जिल्ह्यात कोणाला ठाऊक नव्हता. नानाजींनी तांड्यात जाऊन छातीला कान लावला. न्यूमोनिया होता. घरी राहिला तर माणूस जाणार, हे त्यांना स्वच्छ कळलं. यवतमाळच्या मोठ्या दवाखान्यात नेला तर कदाचित वाचणार, हेही कळलं.

"तुम्ही म्हनसान तसं," गुलाबसिंग म्हणाले. "काढा द्या म्हनसान तर काढा देतो."

नानाजींनी चहा मागितला. चहा आला, तो निवला. काढा द्या म्हटलं असतं तरी कोणी बोट दाखवलं नसतं. जमनाबाई उंबऱ्यात बसली होती आणि बाई, बालक आणि गाय तिच्या गालाशी हलत होती. नानाजींनी बराच वेळ तिकडे पाहिलं.

"यवतमाळची यष्टी किती वाजता हाये?" ते म्हणाले.

संग्राहकाने असं वागू नये. हा छंदाशी द्रोह आहे. एवढ्यावर थांबले असते तरी एक वेळ चाललं असतं. पण ते बसमध्ये रामधनचं डोकं मांडीवर घेऊन बसले, दवाखान्यात पेनिसिलिनसाठी ओळखीच्या कंपाउंडरशी भांडले आणि रोगी उठून बसेपर्यंत तिथल्या व्हरांड्यात निजले.

रामधनने बरं वाटल्यावर पहिलं पेजेचं वाडगं संपवलं आणि त्यांच्याकडे नीट पाहिलं.

"दर बाजारी काहून येत होते तुम्ही, मले ठाव हाये. जमनानं तवाच सांगतलं."

नानाजींनी रिकामं वाडगं उचललं.

"मंग मले इथं कायले आनलं?"

"माहीत नाही," नानाजी म्हणाले. "पेज अजून घेतं का?"

"घेतो. मी मेलो का ते गायवालं तुमचंच, बरं. नाईकासमोर सांगतो. फक्त घाई नका करू."

नाईकासमोर तसं ठरलंही. नानाजींची बाजाराची फेरी पुढेही चालू राहिली, पण आता रामधनच अगोदर जीभ काढून दाखवी आणि आजूबाजूचे हसत. नानाजींना तेवढं सहन करावं लागलं. रामधनला पुन्हा साधी सर्दीसुद्धा झाली नाही.

नानाजी गावंडे १९६७ च्या उन्हाळ्यात वारले. तेरवीला रामधन जमनाबाईला घेऊन आला होता. त्याने दोनदा वरण मागून घेतलं.