नऊ नंबरला अंडं नको

आमच्या स्वयंपाकघरातल्या बाईंना सगळे आत्या म्हणतात. मीही म्हणतो, आणि मी तिच्यापेक्षा फक्त चार वर्षांनी लहान आहे. मी तिथला ड्रायव्हर. घरातून पळालेल्या, हाकललेल्या, मार खाऊन आलेल्या पोरापोरींसाठी ते घर आहे. बारा खाटा. जास्तीत जास्त तीन आठवडे राहता येतं, तेवढ्यात पुढची सोय लावायची.

आत्या आधी एका हॉस्पिटलच्या मेसमध्ये होती. नवरा गेला, मुलीचं लग्न झालं, आणि ती इथे आली. त्याला एकोणीस वर्षं झाली. नवीन पोर आलं की आमच्याकडे ते आधी ऑफिसात जात नाही, स्वयंपाकघरात येतं. ही पद्धत आत्याचीच. ती फक्त दोन प्रश्न विचारते: शेवटचं कधी जेवलीस, आणि काय चालत नाही? नाव नाही, गाव नाही, का पळालीस नाही. चालत नाही ते भिंतीवरच्या पाटीवर खाटेच्या नंबरापुढे लिहून ठेवते. चार, तिखट नको. सात, दूध नको.

फोनही तिथेच, ओट्याच्या कडेला. ऑफिस दहाला उघडतं, तोवर फोन आत्याच घेते. जुना, खणखणीत फोन आहे. पलीकडचं बोलणं दारात उभ्या माणसालाही ऐकू येतं. उत्तर ठरलेलं: "इथे कोण आहे, कोण नाही, हे आम्ही सांगत नाही." एकोणीस वर्षांत तिने कुणाला ताकास तूर लागू दिली नाही. एकदा जावयाने तिच्या घरी फोन करून विचारलं, "ही आलीय का तिकडे?" तर आत्या सवयीने म्हणाली, "इथे कोण आहे, कोण नाही, हे आम्ही सांगत नाही." जावई धावत आला. त्याला वाटलं, बायको रुसून माहेरी बसलीय.

नऊ नंबरची पोर सतरा वर्षांची होती. सावत्र बाप मारायचा. हाताचं हाड एकदा मोडून बसवलेलं होतं. पहिले चार दिवस ती बूट घालून झोपली. पाचव्या दिवशी बूट खाटेखाली गेले. मग ती सकाळी स्वयंपाकघरात येऊन बटाटे सोलू लागली, आणि सालं इतकी जाड काढायची की आत्या म्हणायची, "बाई गं, बटाटा तरी ठेव." पाटीवर लिहिलं होतं: नऊ, अंडं नको. अंड्याने तिचं तोंड सुजायचं.

नवव्या दिवशी सकाळी साडेसातला फोन वाजला. पोर अंघोळीला गेली होती, मी दारात चहा पीत होतो. आत्या एका हाताने वाडग्यात अंडी फोडत होती, दुसऱ्या हाताने तिने फोन उचलला. म्हातारीचा आवाज होता. "नात आहे हो माझी. तिला अंडं देऊ नका, तोंड सुजतं तिचं."

"नाही दिलं हो आजी, तिने आल्या आल्याच सांगितलं," आत्या म्हणाली.

पलीकडे फोन बंद झाला. आत्याच्या हातातलं अंडं तसंच राहिलं. त्या म्हातारीची काळजी खरी होती की तिला पढवून फोनजवळ बसवलं होतं, देव जाणे.

मी म्हणालो, "आत्या, कुणी ऐकलं नाही. मूग गिळून बस." आज सांगायला लाज वाटते, पण मी हेच म्हणालो.

"तू ऐकलंस ना," ती म्हणाली आणि हात धुऊन आमच्या बाईंच्या खोलीकडे गेली. बाई म्हणजे घराच्या प्रमुख. बाईंनी तिला बोल लावला नाही. दोन फोन केले आणि दुसऱ्या गावातल्या घरात खाट मिळवली. म्हणाल्या, "मुलीला सांगू, इथे जागा कमी पडतेय. तुमचं नाव कशाला घ्यायचं?"

"तिला खोटं सांगून हलवायचं? तेवढं तिच्या घरीही करतात," आत्या म्हणाली.

तिने पोरीला समोर बसवलं आणि घडलं तसं सांगितलं. पोर ऐकत राहिली. मग म्हणाली, "तुम्ही म्हणाला होतात, इथलं कुणी सांगत नाही."

"म्हणाले होते," आत्या म्हणाली. सबब सांगितली नाही, रडली नाही. मला मात्र तिथे उभं राहवेना, मी गाडी काढायला गेलो.

आत्याने डबा भरून दिला. वाट दीड तासाची. पोरीचे बूट घट्ट बांधलेले. उतरताना डबा सीटवरच ठेवून गेली. मी तो भरलेलाच परत आणला. आत्याने झाकण उघडून पाहिलं, परत लावलं.

सावत्र बाप चार वाजता आला. बाईंनी पोलिसांना आधीच बोलावून ठेवलं होतं. तो बराच वेळ फाटकाशी ओरडला आणि हात हलवत परत गेला.

त्यानंतर बाई म्हणाल्या, फोन ऑफिसात हलवू. आत्या नको म्हणाली. फक्त आता फोन वाजला की ती आधी गॅस बंद करते, हात पुसते, मग उचलते. पाटीवरची ओळ तिने तीन आठवडे पुसली नाही. पोर कुठे आहे हे मला ठाऊक होतं. आत्याने विचारलं असतं तर मी सांगून टाकलं असतं, माझ्या पोटात काही राहत नाही. म्हणूनच तिने विचारलं नसावं.

सात महिन्यांनी, अशाच एका सकाळी, फोन वाजला. गॅस बंद, हात पुसले.

"तुमच्याकडे एक मुलगी होती. तिला अंडं चालत नाही. आहे का ती?"

आवाज मी लगेच ओळखला. आत्यानेही ओळखला, तिने ओट्याची कड धरली. मी हाताने खुणा करतोय, अगं तीच आहे, बोल! तिने माझ्याकडे पाठ केली.

"इथे कोण आहे, कोण नाही, हे आम्ही सांगत नाही," ती सावकाश म्हणाली.



"बरं," पोर म्हणाली. मग म्हणाली, "आत्या, मी जेवलेय."

फोन बंद झाला. आत्याने गॅस पेटवला, पदराने तोंड पुसलं.

"भाऊ, तुला काही ऐकू आलं?"

"नाही," मी म्हणालो.