परबकाकूंची खोली आणि गायब होणारा इंडेक्स

हे इथे लिहावं की नाही, याचा बरेच दिवस विचार करत होतो. असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. मी आयटी शिकतोय, आमच्या घरातून कॉलेजला गेलेला पहिलाच. कॉम्प्युटरमध्ये काही बिघडलं तर त्याला कारण असतंच, असं मी आईलाही ठामपणे सांगायचो...

आम्ही डिलाईल रोडच्या चाळीत राहतो. चाळ पाडून टॉवर होणार आहे. रहिवाशांची पात्रता तपासणाऱ्या एका खासगी एजन्सीच्या वरळीच्या ऑफिसात मी इंटर्न आहे. त्यांचा सर्व्हे झाला नेमका शिमग्यात. अर्धी चाळ कोकणात. देवाची पालखी दारात येते तेव्हा गावचं घर उघडं हवं, म्हणून इथल्या खोलीला कुलूप. सर्व्हेवाले कुलूप बघून ‘बंद’ लिहून गेले. बंद म्हणजे अपात्र, टॉवरमध्ये घर नाही.

त्यात आमच्या शेजारच्या परबकाकूही. एकट्याच राहतात. आमच्या घरात जागा नव्हती म्हणून दहावीचा अभ्यास मी त्यांच्या खोलीत केला.

मी ऑफिसातल्या आमच्या सरांना म्हणालो, "सर, त्या गावाला गेल्यात. चावी आमच्याकडेच आहे."

"चावी हजर आहे, माणूस कुठाय?" मग जरा नरमले. "लाईट बिल आण. संध्याकाळी लिस्ट जायच्या आत नोंद बदल. नंतर माझ्या हातात नाही."

जेवणाच्या सुट्टीत खोली उघडून बिल आणलं. तशीच आणखी काही घरांची बिलं गोळा केली. ती घरं पटापट ‘राहतात’ झाली. काकूंचा रेकॉर्ड उघडला... आणि बदलेचना.

नोंदींची टेबलं सर्व्हरवर आहेत, आमच्या कॉम्प्युटरवरच्या फाईलला ती फक्त जोडलेली. कुठली ओळ कुणाची हे फाईलला इंडेक्सवरून कळतं. इंडेक्स नसेल तर ओळ दिसते, बदलता येत नाही. बघितलं तर सर्व्हरवरून इंडेक्सच गायब.

डेटाबेस सांभाळणारा प्रशांतदादा म्हणाला, "टेबल कुणीतरी नव्याने इम्पोर्ट केलं असेल. तेव्हा उडतो तो." त्याने लॉग पाहिला. इम्पोर्ट झालेलंच नव्हतं. इंडेक्स परत बनवला, लिंक ताजी केली. दुसऱ्या घराचा रेकॉर्ड बदलला – झाला. काकूंचा उघडला – इंडेक्स नाही.

"तुझ्या काकूंचं सर्व्हरशी काय वाकडं आहे रे?" दादा हसला. पुन्हा बनवला. पुन्हा तेच. मग तो हसला नाही.

"दादा, थेट सर्व्हरवर बदल ना."

"नोंदी भरायचा फॉर्म सोडून थेट टेबलात हात घातला तर माझी नोकरी जाईल. तू इंटर्न आहेस, तुझं काय जातंय."

त्याचंही खरं होतं. लिस्ट गेली, काकू ‘बंद’च.

काकू गावाहून आल्या त्या चावी घ्यायला आमच्या दारात. माझ्या हातात खाज्याची पुडी ठेवली. "झिला, माझा नाव लागला मा रे लिस्टीत? तू आसस थय, म्हणान माका काळजी नाय."

आईनेच सांगितलं. काकू चावी पदराला बांधत म्हणाल्या, "पालखी येतली म्हणान गेललंय रे." तेवढंच. अपील केलंय. सुनावणीचा पत्ता नाही.

दादाने नंतर सगळं तपासलं. परवानग्या, स्क्रिप्ट, बॅकअप. इंडेक्स कुणी काढल्याची कुठेच नोंद नाही. कॉलेजच्या मॅडमनाही विचारलं, त्या म्हणाल्या, असं होऊ शकत नाही.

तुमच्यापैकी कुणाला माहीत असेल तर सांगा. लिस्ट गेल्या दिवसापासून तो इंडेक्स एकदाही हललेला नाही. मी रोज काकूंचा रेकॉर्ड उघडून बघतो. आता तो बदलता येतो. ‘राहतात’ केलं, सेव्हही झालं... आणि सर म्हणतात, लिस्ट तर गेली, आता कशाला खेळतोयस त्याच्याशी.