काच निवेपर्यंत

माझ्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्याला सगळी संस्था ‘काचवाले’ म्हणायची. मी भाऊजी म्हणायचे, तेही ताई होती तोवर. माणूस वाईट नव्हता. वाईट माणसाशी निदान भांडता तरी येतं.

देशाची खगोलसंस्था तेव्हा म्हणजे दोन खोल्या, एक पत्र्याची शेड आणि कुणाकडून तरी मागून आणलेली दुर्बीण. भाऊजी बाजारात चष्म्याची भिंगं घासायचे. पहिले संचालक, थोरले साहेब, चष्मा दुरुस्त करायला गेले आणि चष्म्याबरोबर चष्मेवाल्यालाही घेऊन आले. मोठी दुर्बीण उभारायची आणि तिचा आरसा इथेच, हाताने घडवायचा, असं खूळ साहेबांच्या डोक्यात होतं. जेवणाच्या टेबलाएवढी गोल काच आली आणि भाऊजींच्या गळ्यात पडली. हा आरसा घुमटात चढलेला बघायचा, याखेरीज त्यांना मग काही सुचेना.

वर्षानुवर्षं ते त्या काचेभोवती फिरत घासत राहिले. आधी भरड पूड, मग बारीक, मग त्याहून बारीक, शेवटी राळेच्या थरावर लाल पूड लावून. ताई म्हणायची, “माझी सवत गोलमटोल आहे, आणि रोज चोळून घेते मेली.” आणि हसायची. बाळंतपणात एकटी होती तेव्हाही हसली. मला ते हसणं कधीच आवडलं नाही.

या कामाची एक रीत होती. घासलं की काच तापते, आणि तापलेली काच खोटं बोलते. वाकडी असून नीट दिसते. म्हणून घासणी झाली की खोली बंद करायची, काच पुरती निवू द्यायची आणि मगच दिवा धरून तिची परीक्षा घ्यायची. मध्येच कुणी दार उघडलं तर बाहेरची हवा आत शिरते आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून. “माझ्या घराला आग लागली तरी दार वाजवू द्यायचं नाही,” असं भाऊजींनी शिपायाला बजावून ठेवलं होतं.

आग लागली नाही. ताईच्या पोटात गाठ निघाली. डॉक्टरांनी हात टेकले तेव्हा तिला घरी आणलं. त्या सकाळी ती “त्यांना बोलवा” एवढंच म्हणत होती. उशाशी तिची सहा वर्षांची पोर. मी धावत संस्थेत गेले, शिपायाला बाजूला ढकललं आणि दारावर मुठी आपटल्या.

“भाऊजी, ताई चालली हो. शेवटचं भेटून घ्या.”

आतून मग आवाज आला, अगदी शांत.

“काच निवतेय. उद्या येतो.”

“उद्या कुणाला भेटायला येणार?”

मी परत फिरले. ताई दुपारी गेली. शेवटपर्यंत तिची नजर दाराकडे होती, आणि मी तिला “निघालेत, वाटेत आहेत” असं खोटं सांगत होते.

दुसऱ्या दिवशी भाऊजी आले, तोवर सगळं उरकलं होतं. “आरसा साधला,” एवढंच म्हणाले. मी पोरीला उचललं आणि माझ्या घरी घेऊन आले. पुढे ते अधूनमधून यायचे, तिच्या हातावर खाऊ ठेवायचे आणि उंबऱ्यावरूनच परत जायचे.

भाची विचारायची, “बाबा तेव्हा का नाही आले?” माझ्या ओठांवर शिव्या यायच्या. पण पोरीला बाप हवा, म्हणून त्या गिळून सांगायचे, “त्यांचं कामच तसं होतं गं. दार उघडलं असतं तर एवढा मोठा आरसा वाया गेला असता.” ती हे शाळेत अभिमानाने सांगायची.

आणि तो आरसा? तो दुर्बिणीत बसलाच नाही. थोरले साहेब निवृत्त झाले. नवे म्हणाले, शहराच्या या उजेडात इथून काय डोंबल दिसणार? चार देश मिळून दूरच्या डोंगरावर दुर्बीण बांधत होते, त्यात संस्थेने वाटा घेतला. मोठ्या दुर्बिणीसाठी बांधलेल्या रिकाम्या घुमटात प्रदर्शन मांडलं, आरसा भिंतीशी उभा केला आणि त्याच्या शेजारी भाऊजींना. आरसा खोलगट, म्हणून लांबून बघितलं की माणूस त्यात उलटा दिसतो. खाली डोकं, वर पाय बघून लोक खिदळतात. भाऊजींची अशी जिरली, याचा मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू?

गेल्या वर्षी भाचीने हट्टच धरला, म्हणून तिला घेऊन गेले. एक तरुण शास्त्रज्ञ पाहुण्यांना माहिती देत होता. “गंमत म्हणजे,” तो म्हणाला, “शेवटच्या घासणीच्या आधीच हा आरसा पुरेसा चांगला होता. इथल्या हवेत तारा इतका थरथरतो, की पुढची सफाई कुठल्याही दुर्बिणीला कळली नसती.” लोक हसले. भाऊजी मान खाली घालून उभे होते.

भाची त्यांच्यापुढे गेली.

“बाबा, हे खरं आहे?”

“हो.”

“तेव्हा माहीत होतं तुम्हाला?”

“होतं.”

“मग दार का नाही उघडलंत?”

मला वाटलं, आता काहीतरी थाप मारतील. मारली असती तर मी त्यांचे पाय धरले असते.

“उघडलं असतं तर यावं लागलं असतं,” ते म्हणाले. “मला ते बघवलं नसतं.”

पोरीने माझ्याकडे बघितलं. मी नजर चुकवली. ती आरशाजवळ गेली आणि त्याच्या बरोबर मधोमध आपला पंजा दाबून धरला. भाऊजींनी तिला अडवलं नाही. तिने हात काढला तेव्हा त्यांनी फडकं घेतलं आणि पुसायला लागले.