सुटं टोक

मास्तर समोरच्या माणसाच्या खांद्याची शिवण आधी बघतात, चेहरा नंतर. त्यांच्या दुकानावरच्या खोलीत मी भाड्याने राहायला आले तेव्हा त्यांनी माझं नाव विचारलं नाही. डावी बाही उतरली आहे, एवढंच म्हणाले. मी जिना चढायच्या आत त्यांनी कोट माझ्या अंगातून उतरवून घेतला होता.

दुकानात एक मशीन, इस्त्रीचं टेबल, कापडाने मढवलेला एक बिनडोक्याचा पुतळा आणि खडूचा एक डबा. नवीन कपडे शिवून मिळतील, असं पाटीवर लिहिलं आहे. पण लोक कपडे तयार विकत घेतात आणि मास्तरांकडे आखूड करायला आणतात. चाळीस वर्षं मास्तर पँटचे पाय कापत आहेत. त्यांच्या बायकोला मी काकू म्हणते. काकू म्हणायच्या, यांच्या मागे काय राहणार, तर पाच पोती चिंध्या. मास्तर हसायचे. ओठांत टाचण्या धरून हसणं सोपं नाही. त्यांना ते जमतं.

मी साहित्यात एम.ए. केलं आहे. नोकरी नव्हती, म्हणून संध्याकाळी दुकानात बसायचे. मी वाचलेल्या कादंबऱ्यांची गोष्ट सांगायचे आणि ते मध्येच विचारायचे, “त्या बाईने घातलं काय होतं?” बहुतेक वेळा मला आठवायचं नाही.

मग ते नाटक आलं. एका नाटकमंडळीने हिंदी सिनेमाच्या थाटाचं संगीत नाटक बसवलं होतं. हरवलेली जुळी बहीण, आंधळी आई, बारा गाणी. त्यांचा कपडेवाला ऐन वेळी निघून गेला आणि मंडळी कुठून तरी चौकशी करत मास्तरांच्या दारात आली. त्रेचाळीस कपडे. हे नीट पार पडलं तर पुढच्या दोन्ही नाटकांचे कपडे तुमच्याचकडे, असं दिग्दर्शक बाई म्हणाल्या होत्या.

“मग पाय कापणं बंद,” मास्तर मला म्हणाले. काकूंना सांगितलं नाही. आधी होऊ दे, म्हणाले.

मी त्या नाटकाची भरपूर चेष्टा केली. सिनेमाची नक्कल, तीही शिळी, असं मोठ्या तोंडाने म्हणाले. मास्तरांना राग आला नाही. दुसऱ्या गाण्यात एक गंमत केली आहे, म्हणाले. कसली ते सांगेनात. “समोर बसून बघ. काकूच्या शेजारी.”

प्रयोगाच्या आदल्या संध्याकाळी ते इस्त्रीवर होते. नायिकेचा करडा झगा पिशवीत घालायला त्यांनी मला सांगितलं. झग्याच्या पाठीला, कमरेशी, दोऱ्याचं एक टोक लोंबत होतं. त्याला एक लाल मणी होता. टोक मोकळंच होतं, कुठे बांधलेलं नव्हतं. मला वाटलं, एवढा मुरलेला हात, पण आज विसरला. मी दोरा शेवटच्या टाक्यातून ओवला आणि बुटाच्या नाडीसारख्या दोन गाठी मारल्या. दातांनी घट्ट केल्या. त्यांना बोलले नाही. प्रयोग झाल्यावर सांगू, या नाटकात एक टाका माझाही आहे म्हणून. हसतील.

प्रयोग दुपारचा होता. आम्ही तिसऱ्या रांगेत. काकू पहिल्यांदाच नाटकाला आल्या होत्या. आधी खुर्च्यांची गादी दाबून पाहिली, मग पडदा उघडल्यावर गप्प झाल्या. पहिल्या गाण्याला वीसजण एकदम वळले आणि वीस कोटांचे घेर एकदम फिरले.

“हे सगळं तुम्ही शिवलंत?” काकूंनी विचारलं.

“बटणंसुद्धा,” मास्तर म्हणाले.

काकूंनी त्यांच्याकडे पाहिलं. मी त्या बाईला नवऱ्याकडे असं बघताना कधी पाहिलं नव्हतं. खरं सांगायचं तर माझाही पाय ठेका धरून हलत होता.

दुसरं गाणं. अकरा मुली लाल घागऱ्यांत आणि मधोमध करड्या झग्यातली नायिका. गाणं चढत गेलं. ढोल थांबले. नायिकेने गिरकी घेतली आणि नायकाचा हात तिच्या कमरेशी गेला. लाल मण्याकडे.

तेव्हा मला कळलं. ते टोक कुणी विसरलेलं नव्हतं.

त्याने ओढलं. काही झालं नाही. ढोल पुन्हा वाजले, त्याने पुन्हा ओढलं. नायिका मागे खेचली गेली, धडपडली. मागच्या रांगांत हसू फुटलं. तिसऱ्यांदा त्याने दोन्ही हातांनी झगा वर उचलला आणि तो तिच्या खांद्यांत अडकला. खालून लाल घागरा, वर करडं गाठोडं. कोणीतरी शिट्टी मारली. सगळं नाट्यगृह हसत होतं.

मास्तर दुसऱ्या ओढीलाच उठले होते. लोकांचे गुडघे ओलांडत रांगेबाहेर गेले.

“हे असंच आहे का गं?” काकूंनी मला विचारलं. “की यांचं काही चुकलं?”

मी म्हणाले, “माहीत नाही.”

मध्यंतरात मी काकूंना घेऊन रंगमंचामागे गेले. मास्तर झगा हातात घेऊन उभे होते. दिग्दर्शक बाईंचा आवाज चढलेला नव्हता. तालमीत हा तीनदा उघडला होता, मग आज काय झालं, असं त्या विचारत होत्या. मास्तरांचा अंगठा झग्याच्या कमरेवरून फिरत होता आणि एका जागी थांबला. त्यांनी वर पाहिलं. दारात मी होते.

मी खाली पाहिलं. फरशीवर केसांची एक वाकलेली पिन पडली होती. तिचं एक टोक तुटलेलं होतं. ती पिन मला अजून दिसते.

“माझ्याकडून झालं,” मास्तर म्हणाले.

बाईंनी मान हलवली. उद्यापासून तिथे वेल्क्रो लावून घेऊ, म्हणाल्या. माणूस आहे आमच्याकडे, तुम्ही येण्याचा त्रास घेऊ नका. पुढच्या नाटकांबद्दल त्या काहीच बोलल्या नाहीत. बोलायची गरजही नव्हती.

 परत येताना काकू म्हणाल्या, “या वयात कशाला नसती हौस?” मास्तर “हं” म्हणाले. मी चार पावलं मागे होते. तेव्हाही सांगता आलं असतं.

सकाळी मी दुकानात गेले. ते एका पँटचा पाय उसवत होते. मी उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं.  मग त्यांनी खडूचा डबा उघडला. खडूंवर दोऱ्याचा एक तुकडा होता. दोन गाठी आणि लाल मणी.

“अशी गाठ शिंपी मारत नाही,” म्हणाले. “साखळी टाका आहे तो. टोक मोकळं असलं तर एका ओढीत सगळा उसवतो. दर प्रयोगाला मी नवा घालणार होतो.”

“मग तिथे का नाही बोललात?”

“वाट बघत होतो,” ते म्हणाले. आणि पुन्हा पाय उसवायला लागले.

मी नाट्यगृहावर गेले. दिग्दर्शक बाईंना सांगितलं, गाठ माझी होती. त्यांनी विचारलं, “काल तुम्ही दारात उभ्या होतात ना?” मी हो म्हणाले. त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग वेल्क्रो लावून झालं आहे, म्हणाल्या आणि आत गेल्या.

परत येऊन काकूंना सांगितलं. पुढची दोन नाटकं मिळणार होती, हेही. त्या चादरीच्या घड्या घालत होत्या. हातातली घडी पुरी केली. “घरी आल्यापासून मी बोलतेय त्यांना,” म्हणाल्या. “आज सकाळीसुद्धा.”  चपला घालून खाली दुकानात गेल्या. मीही मागोमाग गेले.

काय गंमत होती ती दाखवा, असं त्यांनी मास्तरांना सांगितलं. मास्तरांनी पोत्यातून लाल कापडाचा उरलेला तुकडा काढून पुतळ्याला गुंडाळला. त्यावर करडं कापड चढवलं आणि पाठीशी हाताने साखळी टाका घालत गेले. घाई केली नाही. टोक मोकळं सोडलं आणि काकूंच्या हातात दिलं.

“ओढ.”

काकूंनी ओढलं. टाके सरसर सुटले, करडं कापड दोन्ही बाजूंनी गळून पडलं, आणि पुतळा लालभडक उभा राहिला.

काकू बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “पुन्हा घाला. नीट दिसलं नाही मला.”

मास्तरांनी सुईत नवा दोरा ओवला. इतर वेळी सुई ओवायला ते मला सांगतात. त्या दिवशी सांगितलं नाही, आणि मीही हात पुढे केला नाही.