आमची जरा आळशीच आहे

हायडेलबर्गच्या स्टेशनमागे एक बंद पडलेलं औषधाचं दुकान आहे. एका कारखानदाराच्या विधवेने मागे ठेवलेल्या पैशांतून चालणारी स्टिफ्टुंग, म्हणजे आपल्या भाषेत धर्मादाय संस्था, तिथे मुलांसाठी आणि त्यांच्या आईवडिलांसाठी दोन खोल्या चालवते. औषधांचे लाकडी खण अजून भिंतीवर आहेत. त्यांत आता रंगीत खडू, कात्र्या आणि मुलांचे हरवलेले हातमोजे असतात. दर मंगळवारी दुपारी मी तिथे स्वयंसेवक म्हणून जायचे. जायचे म्हणजे मिरवत जायचे. लॅबमध्ये अर्धवेळ नोकरी, नवरा इंजिनिअर, जर्मन बऱ्यापैकी. आपण मदत देणाऱ्यांतले, घेणाऱ्यांतले नव्हे, हे माझ्या डोक्यात इतकं पक्कं होतं की ते कधी तपासून बघावंसंही वाटलं नाही.

माझं काम सोबतीचं. बाहेरून आलेले आईबाप शाळेत शिक्षकांना भेटायला जातात तेव्हा गडबडतात. समोरचा बोलतो त्यातलं निम्मं कळतं, आणि कळलेलं भीतीपोटी विसरतं. म्हणून संस्था त्यांच्याबरोबर कुणाला तरी पाठवते. सोबत जाणाऱ्याने मध्ये तोंड घालायचं नाही. कागदावर मधोमध रेघ ओढायची, डावीकडे शिक्षक काय म्हणाले ते लिहायचं, उजवीकडे आईबाप काय म्हणाले ते. बाहेर आल्यावर ते जसंच्या तसं वाचून दाखवायचं, आपलं मत मागाहून. संस्थेचं म्हणणं सरळ होतं: ज्याचं नाव किंवा रंग वेगळा, त्या मुलाबद्दल शाळा पटकन ठरवून मोकळी होते. मुद्दाम करतात असं नाही. पण कुणी लिहून घेतंय म्हटलं की जरा थांबतात.

मी दोन वर्षं असे कागद लिहिले. घरी येऊन नवऱ्याला सांगायचे, बिचारे, त्यांना बोलताच येत नाही.

मग आमची लेक चौथीत गेली. इथे दहाव्या वर्षी मुलांच्या वाटा वेगळ्या होतात. शाळा लेखी शिफारस देते: मूल गिम्नाझियमला जाईल, म्हणजे पुढे विद्यापीठाकडे, किंवा रेआलशूलला, जिथून रस्ता आधी कामधंद्याच्या शिक्षणाकडे वळतो. मागाहून बदलता येतं असं सगळेच सांगतात. बदललेलं मूल मात्र मला कुणी दाखवलं नव्हतं. लेकीला गिम्नाझियमलाच जायचं होतं. तिथे पहिल्या वर्षापासून जीवशास्त्राची प्रयोगशाळा आहे हे तिने स्वतः शोधून काढलं होतं, आणि ती किडे, शिंपले, वाळकी पानं गोळा करून डब्यांवर नावं चिकटवून ठेवायची.

शिफारशीआधी शिक्षिकेशी भेट असते, मुलालाही बरोबर बसवतात. मी सोबत कुणाला घेतलं नाही. मला कशाला हवी सोबत?

शिक्षिका प्रेमळ होत्या. म्हणाल्या, तुमची मुलगी छान वाचते, प्रश्न चांगले विचारते, गणितात थोडी मागे असली तरी चालेल. आणि मी, अगदी हसत हसत, म्हणाले, "छे हो, आमची जरा आळशीच आहे. मी मागे लागले नाही तर वही उघडत नाही. तुम्हीच तिच्याशी थोडं कडक वागा."

हे मी शुद्ध जर्मनमध्ये म्हणाले, पण वाक्य पुण्याचं होतं. माझ्या आईने माझ्या प्रत्येक बाईंना हेच सांगितलं होतं. आपल्याकडे ते वाक्य अर्धंच असतं, उरलेलं अर्धं समोरच्याने बोलायचं: "नाही हो, काहीतरीच काय, हुशार आहे पोर." मग आईने मान वेळावायची आणि दोघींनी मिळून मुलाचं कौतुक करून घ्यायचं. आपण होऊन आपल्या पोराचे गोडवे गाणारी आई आमच्याकडे आगाऊ समजली जाते. शिक्षिकेने मान डोलावली आणि समोरच्या कागदावर काहीतरी लिहिलं. मला वाटलं, किती मन लावून ऐकतात.

काही आठवड्यांनी शिफारस आली. रेआलशूल. खाली कारण होतं: मुलीची समज चांगली आहे, मात्र आईच्या सांगण्यानुसार ती स्वतःहून अभ्यास करत नाही, तिच्या मागे सतत कुणीतरी लागावं लागतं, त्यामुळे गिम्नाझियमचा ताण तिला झेपेल असं वाटत नाही. शाळेने काही शोधून काढलं नव्हतं. मीच पुरवलं होतं.

नवरा आधी माझ्यावर चिडला, मग शाळेवर. मी म्हटलं, संस्थेतून कुणाला तरी बरोबर घेऊन पुन्हा भेट मागते. तो म्हणाला, "अगं, आपण काय रेफ्यूजी आहोत का? सरळ ईमेल लिहू." ईमेल लिहिला. उत्तर आलं की शिफारस पूर्ण विचारांती दिली आहे. मग मंगळवारी मी औषधाच्या दुकानात गेले आणि टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसले. लाज वाटली, खोटं कशाला बोलू.

मला सोबतीण मिळाली ती आफ्रिकेतल्या टोगोची, इस्पितळाच्या धोबीखान्यात काम करणारी, तीन मुलांची आई, संस्थेत माझ्यासारखीच स्वयंसेवक. आजवर मी तिच्याशी एकेक शब्द सुटा करून, हळू बोलत आले होते. तिचं जर्मन माझ्यापेक्षा चांगलं आहे हे मला त्या दिवशी कळलं, कारण त्या दिवशी पहिल्यांदा मी ऐकत होते.

तिने शिफारस दोनदा वाचली. मग विचारलं, हे खरंच म्हणालीस? मी आमची रीत समजावून सांगितली. ती हसली नाही. म्हणाली, "तुझ्या मुलीच्या वर्गातल्या एखाद्या मुलाची जर्मन आई हेच म्हणाली असती तर बाईंनी गंमत म्हणून सोडून दिलं असतं. तू म्हणालीस तेव्हा तो पुरावा झाला. आपल्याला गंमत करायची सोय नाही."

मला राग आला. तिचा नव्हे; ती 'आपल्याला' म्हणाली आणि त्यात मी होते, याचा. तो राग उतरायला घरापर्यंत चालत जावं लागलं.

संस्थेने कळवल्यावर शाळेने पुन्हा भेट दिली. जाण्याआधी सोबतिणीने माझी तयारी करून घेतली. मुलीबद्दल तीन चांगल्या गोष्टी सांग, म्हणाली. मी सुरू केलं: ती खूप वाचते, पण. तिने हात वर केला. पुन्हा सांग. ती किडे गोळा करते, त्यांची नावं शोधते, पण खोलीत नुसता पसारा. पुन्हा हात वर. तासभर हेच चाललं होतं. 'पण' न लावता मला लेकीबद्दल एक वाक्य धड बोलता येत नव्हतं. मी लॅबमध्ये पन्नास माणसांसमोर बोलते, आणि त्या खुर्चीत अडखळत होते. शेवटी घामाघूम होऊन तीन वाक्यं जमली.

भेटीला लेक माझ्या शेजारी होती, पलीकडे सोबतीण, पुढ्यात रेघ ओढलेला कागद. मी म्हणाले, ती स्वतःहून अभ्यास करते. तिने डब्यांत ठेवलेल्या प्रत्येक किड्याची माहिती कुणी न सांगता वहीत लिहिली आहे. गणितात अडलं की ती रडते आणि मग पुन्हा सोडवते. वही टेबलावर ठेवली. शिक्षिका म्हणाल्या, मागच्या वेळी तर तुम्हीच वेगळं सांगितलंत. मी म्हटलं, हो, ते खोटं होतं, आमच्याकडे आया तसं बोलतात. आणि मग जे विचारायचं ठरलं नव्हतं तेही विचारलं: "हेच दुसऱ्या एखाद्या आईने सांगितलं असतं तर तुम्ही लिहून घेतलं असतं का?"

शिक्षिकेने शेजारच्या लिहिणाऱ्या हाताकडे पाहिलं. रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "मला माहीत नाही." आणि वही बघायला ठेवून घेतली. मला त्यांच्याबद्दल तेव्हापासून आदर आहे.

शिक्षकांची बैठक पुन्हा झाली आणि नवा कागद आला. गिम्नाझियम. नवऱ्याने केक आणला. मी सोबतिणीला फोन केला, तिने अभिनंदन केलं आणि पुढच्या मंगळवारी एका सीरियन बापाबरोबर मला जायचं आहे याची आठवण करून दिली. लेक मात्र केकचा तुकडा नुसता चमच्याने उकरत होती. मी विचारलं, आनंद नाही झाला का?

ती घरात जर्मनच बोलते. तिने जर्मनमध्ये विचारलं, त्या दिवशी शाळेत जे सांगितलंस ते खरं, की कागद बदलावा म्हणून सांगितलंस? मी म्हटलं, अगं खरंच ते. आळशी म्हणते ती नुसती बोलण्याची पद्धत, तिकडच्या सगळ्या आया तसं म्हणतात, त्यात काही नसतं.

"मग आजीला फोनवर दर रविवारी का सांगतेस?" ती म्हणाली. "मला मराठी कळतं."

शाळेने एकदा लिहून घेतलं तर मी संस्था गाठली होती, सोबत मागितली होती, बैठक घ्यायला लावली होती. ही पोर किती वर्षं ऐकत होती, आणि तिच्या बाजूने बोलायला कुणी बसलेलं नव्हतं. मी तिला जवळ घेतलं. चुकले म्हणाले. ती म्हणाली, ठीक आहे, आणि केक खाल्ला. तिला ते पटलेलं नाही हे मला दिसत होतं.

रविवारी सासूबाईंचा व्हिडिओ कॉल आला. लेक शेजारी बसून शिंपल्यांना नंबर घालत होती. सासूबाईंनी नेहमीप्रमाणे विचारलं, अभ्यास करते की नाही आमची बाय? माझं तोंड नेहमीच्या वाक्यासाठी उघडलंही. शेजारचा पेन थांबला होता.

"अहो आई, करते," मी म्हणाले. "स्वतःहून करते. फार हुशार आहे."

सासूबाई गडबडल्या. कुणी ऐकू नये अशा बेताने आवाज खाली आणून म्हणाल्या, "अगं हळू. पोरीला नजर लागेल."

लेकीने मान वर न करता सांगितलं, "लागू दे, आजी. आईला अजून बोलू दे."