दुसरा घास

पहिला घास मामा डोळे उघडे ठेवून खायचे. इकडेतिकडे बघत, कुणाशी तरी बोलत, खाण्याशी आपला काही संबंधच नसल्यासारखे. दुसरा घास तोंडात गेला की डोळे मिटायचे. चावणं संथ व्हायचं, भुवया हळूहळू वर चढायच्या, आणि समोर ज्याने कुणी तो पदार्थ केलेला असे त्याचा जीव टांगणीला लागायचा. एखाद्याने उतावीळपणे विचारलंच, तर म्हणायचे, "पहिल्या घासाक मी काय बोलणंय नाय. तो भुकेचो असता."

हे त्यांचं खाणं खासगी नव्हतं. त्याचा निकाल दुसऱ्या दिवशी सकाळी काळाचौकीच्या आमच्या नाक्यावर, काळ्या फळ्यावर, खडूने लागायचा.

असा फळा तुमच्याही नाक्यावर असेल. कुणाचं निधन, कुठे रक्तदान, कोण दहावीला पहिला आला, हे सगळं त्यावर येतं. गिरण्यांच्या संपाच्या काळात आमच्या फळ्याला वर्तमानपत्राहून जास्त मान होता. सभा कुठे आहे, कुठल्या चाळीत धान्य वाटणार आहेत, हे मामा, सगळ्या नाक्याचेच मामा, रोज सकाळी लिहायचे. ते गिरणीच्या साळखात्यातले, मागावर उभं राहून आयुष्य काढलेले, पण अक्षर असं की मी महापालिकेच्या शाळेतला मास्तर असूनही माझं अक्षर त्यांना दाखवायला लाजायचो. माझा त्यांच्याशी संबंध जुळला तो खडूमुळे. वर्गात उरलेले तुकडे मी खिशात घालून आणायचो. "मास्तर, मोठो तुकडो आसा काय?" ही त्यांची रोजची हाक होती.

मग संप विरत गेला. तो संपला असं आम्हाला कुणी येऊन सांगितलं नाही. सभा थांबल्या, धान्य थांबलं, आणि फळ्यावर लिहायला काही उरलं नाही. रिकामा फळा बघून माणसं मान खाली घालून पुढे जायची. मामांना ते सहन होईना. एका सकाळी शाळेत जाताना मी पाहिलं तर फळ्यावर लिहिलेलं होतं, 'आज बातमी नाही. मागच्या चाळीत, दुसऱ्या मजल्यावर फणसाची भाजी शिजत आहे. वास घेण्यास हरकत नाही.'

माणसं थांबून वाचत होती आणि हसत होती. त्या नाक्यावर कितीतरी दिवसांनी मी माणसांना हसताना बघत होतो.

तिथून मामांच्या लेखनाने वेगळं वळण घेतलं. मिलचा पगार बंद झालेल्या घरांतल्या बायकांनी तोवर कंबर कसली होती. कुणी भाजणी विकायला लागली, कुणी कोथिंबीरवड्या, कुणी दारात चूल मांडून बोंबील तळायला लागली. मामा एकेकीकडे जायचे, पैसे देऊन खायचे आणि लिहायचे. त्यांच्याकडे तीनच शेरे होते. सगळ्यात वरचा, 'खाऊन बघा.' मधला, 'बरं आहे.' आणि खालचा, 'अजून जमलेलं नाही. लक्ष ठेवा.' यापलीकडे विशेषणं त्यांनी कधी वापरली नाहीत. माझ्यासारख्या निबंध तपासणाऱ्या माणसाला याचं फार कौतुक वाटायचं.

नाक्यावरच्या वडेवाल्याबद्दल त्यांनी एकदा लिहिलं, 'वडा: खाऊन बघा. चटणी: कालची.' तो झारा हातात घेऊनच भांडायला आला.

"मामा, धंद्याची वाट लावता काय? चटणी कालची नव्हती."

"मगे परवाची?"

लोक हसले आणि वडेवाला झारा घेऊन परत गेला. दुसऱ्या दिवसापासून मात्र त्याची चटणी हिरवीगार असायची, आणि मामा तिथून जाताना तो मुद्दाम वाटी पुढे करून दाखवायचा.

लोकांचा फळ्यावर विश्वास बसला होता, कारण मामा कुणाची भीड ठेवत नसत. आणि नेमक्या त्याच वेळी मामींनी आंबोळ्या विकायला सुरुवात केली.

मामांना तेव्हा रे रोडच्या एका लाकडाच्या वखारीत अधूनमधून काम मिळायचं. मिळालं तर मिळालं. घर चालणार होतं ते मामींच्या आंबोळ्यांवरच. चाळीच्या तोंडाशी हातगाडी, तिच्यावर स्टोव्ह, बिडाचा तवा, एका पातेल्यात काळ्या वाटाण्याचं सांबारं, आणि मागे मामी. काटक बाई, तोंडाने फटकळ. गिऱ्हाईक यायचं, पण थोडं. ज्याची त्याची नजर फळ्याकडे, आणि फळ्यावर मामींचं नाव नाही. एक आठवडा गेला, दुसरा गेला. मामा दुसऱ्यांच्या वड्यांवर आणि बोंबलांवर लिहीत होते.

मामींनी शेवटी चारचौघांत विचारलं, "सगळ्या जगाचा लिवतास, माझा काय?"

वडेवाल्याने तेवढ्यात टोला हाणला, "मामा, घरचं दिसत नाय वाटतं तुम्हाला."

मामा मान खाली घालून चाळीत शिरले. संध्याकाळी त्यांनी माझ्याकडून खडू घेतला. दुसऱ्या दिवशी सकाळी ते मामींच्या गाडीपाशी रांगेत उभे राहिले, पुढच्या दोघांचं होईपर्यंत थांबले, पैसे दिले आणि बशी हातात घेतली. मामी उलथनं धरून उभ्या होत्या. दुसऱ्या घासाला मामांनी डोळे मिटले. भुवया वर गेल्या नाहीत. बशी खाली ठेवून ते सरळ फळ्याकडे चालू लागले आणि आम्ही सगळे त्यांच्या मागे.

त्यांनी लिहिलं, 'आमच्या घरची आंबोळी: अजून जमलेली नाही. सांबारं: खाऊन बघा. लक्ष ठेवा.'

मामी अक्षर अक्षर लावून वाचायच्या. त्या फळ्यासमोर उभ्या राहिल्या, त्यांचे ओठ हलत होते आणि आम्ही सगळे खाली बघत होतो. मला मामांचा राग आला. घरात चूल पेटायची ती या बाईच्या जिवावर, आणि हा माणूस चारचौघांत असं लिहितो, असं वाटलं. वाचून झाल्यावर मामी वळल्या.

"काय चुकला ता सांगा."

"वातड आसा. पीठ चक्कीवरचा. तुज्या आधी कोणाचो तरी गहू दळलेलो असता, तो येता त्येच्यात. तांदूळ भिजवन वाटूक होये."

"आनी वाटतलो कोण? माजे खांदे बघलास?"

मामांनी हातातला खडू फळ्याच्या कडेला ठेवला.

"लिवलास मां?" मामी म्हणाल्या. "मगे आता वाटा."

मला वाटलं, हे रागाच्या भरातलं बोलणं आहे. पण त्याच संध्याकाळी चाळीच्या गॅलरीत गावाहून आणलेला दगडी रगडा निघाला. ज्या माणसाने घरात पाण्याचा तांब्या स्वतः घेतला नव्हता, तो मांडी घालून बसला आणि भिजलेले तांदूळ-उडीद वाटायला लागला. गॅलरी म्हणजे चव्हाटाच. येणारा जाणारा थांबायचा. "काय मामा, दुसरी पाळी?" मामा वर न बघता सांगायचे, "साळखात्यात उभ्यान काम होता, हयसर बसान. सुधारणा झाली."

पहिले काही दिवस त्यांच्या तळहातांना फोड आले. मग हाताला लय सापडली. रगड्याचा घरघर आवाज माझ्या खोलीपर्यंत यायचा. बरोबरीचे कितीतरी पुरुष तेव्हा नाक्यावर नुसते बसून असायचे, हात मांड्यांवर टाकून, आणि ते हात बघवायचे नाहीत. मामांच्या हातांना काम मिळालं होतं. मला फार बरं वाटलं, आणि फळ्यासमोरचा त्या सकाळचा राग कुठच्या कुठे गेला.

आंबोळी बदलली. मऊ, जाळीदार, हातावर घेतली तर बोटांच्या मधून लोंबणारी. त्या फळ्याने तिचं नुकसान तर केलंच नाही, उलट उत्सुकता वाढवली. 'लक्ष ठेवा' म्हटल्यावर लोक लक्ष ठेवतातच. जमली का बघू म्हणून एकदा यायचे आणि मग रोज यायचे. लालबागहून, शिवडीहून माणसं डबे घेऊन यायला लागली. घर उभं राहिलं.

फक्त फळ्यावर ते कधी आलं नाही.

मामी वाट बघत होत्या. बोलून दाखवायच्या नाहीत, पण सकाळी पहिली आंबोळी तव्यावर घालण्याआधी नजर एकदा फळ्याकडे जायची. मी एकदा मामांना म्हटलं, "आता तर लिहा. सगळी काळाचौकी खाते आहे."

ते म्हणाले, "मास्तर, त्येच्यात माजो हात आसा. मी कसो लिवू? उद्या वडेवालो आपल्या वड्याचा लिवात. मगे फळ्याक कोण विचारतलो?"

"मी लिहितो मग."

"खडू तुमचो, फळो माजो. लोक म्हणतले, म्हाताऱ्यान सांगून लिवन घेतल्यान."

मी खूप समजावलं. तसूभर हलले नाहीत. असा हट्ट घरात किती महाग पडतो ते मला मामींच्या चेहऱ्यावरून कळत होतं.

पुढे कधीतरी एका वर्तमानपत्राचा तरुण आला, गळ्यात कॅमेरा. खाण्याच्या जागांवर त्याचं सदर होतं. त्याने आंबोळीवर कोथिंबीर पेरली, बशीशेजारी जास्वंदीचं फूल ठेवलं, मामींना पदर नीट करायला लावला आणि पुष्कळ वेळ फोटो काढत राहिला. छापून आलं तेव्हा मथळ्यात 'अप्रतिम' होतं, 'स्वर्गीय' होतं. मी कात्रण घेऊन धावतच गेलो. मामींनी फोटो निरखून पाहिला आणि कागद माझ्या हातात परत दिला.

"तेका काय कळता? फोटो काढीसर थंड झाली. थंड खाल्ल्यान."

त्यांना हवा होता तो शेरा दोन शब्दांचा होता, आणि तो देणारा माणूस त्यांच्याच घरात रोज संध्याकाळी रगडा फिरवत होता.

वर्षं गेली. मिलच्या भोंग्यांची आठवण काढणारे कमी झाले, चिमण्या पडल्या, त्या जागी काचेच्या इमारती उभ्या राहिल्या. तिथली मुलं दुपारी गळ्यात ओळखपत्रं अडकवून आंबोळ्या खायला यायची आणि फळ्याचे फोटो काढून न्यायची. मामांचं वाटण चालू होतं. मग त्यांच्या छातीने त्रास द्यायला सुरुवात केली आणि परळच्या इस्पितळात खाट मिळाली. मी भेटायला गेलो तेव्हा तिथल्या जेवणाच्या ट्रेकडे बोट करून म्हणाले, "बरा आसा." हा मधला शेरा. उगाच मोठेपणा त्यांनी तिथेही दिला नाही.

निघताना त्यांनी माझा हात धरला. "फळो रिकामो ठेवू नकात."

"नाही ठेवणार. आणि मामींचं? आता लिहू?"

त्यांनी थोडा विचार केला. "माजो हात आसा तोवर नाय."

चार दिवसांनी त्यांच्याच फळ्यावर मी त्यांच्या निधनाची बातमी लिहिली. ओळ तिरकी गेली. पुसून पुन्हा लिहिली, ती पण तिरकी गेली. शेवटी तशीच ठेवली.

दिवसकार्य झालं. त्यानंतरच्या सकाळी मी फळा पुसत होतो, तेव्हा मामी समोरून येताना दिसल्या. हातात झाकलेली बशी. गाडी अजून बंदच होती.

"काल मीच वाटलंय," त्या म्हणाल्या. "खावा. आता तेंचो हात नाय त्येच्यात. आता लिवूक हरकत नाय."

मी फळ्याच्या खालच्या कट्ट्यावर बसलो. पहिला घास खाल्ला. दुसरा घेतला आणि माझे डोळे आपोआप मिटले. तांदळाचा कण दाताखाली येत होता. आंबोळी वातड होती. त्या खांद्यांनी जेवढं होईल तेवढं वाटलं होतं, आणि जे राहिलं होतं ते नेमकं मामांचं होतं.

डोळे उघडले तर मामी माझ्याकडे बघत होत्या. इतकी वर्षं या बाईने दोन शब्दांची वाट पाहिली होती. ते लिहिणं माझ्या हातात होतं आणि कुणी जाब विचारणार नव्हतं. मी उठलो, खडू घेतला. 'आंबोळी' एवढं लिहून झालं आणि हात थांबला.

"मास्तर," मागून मामी म्हणाल्या, "खरा लिवा."

मी लिहिलं, 'आंबोळी: अजून जमलेली नाही. लक्ष ठेवा.'

मामी पुढे आल्या. बोट हवेत धरून त्यांनी अक्षर अक्षर लावून वाचलं, शेवटपर्यंत. मग पदराने तोंड पुसलं.

"तेंचा अक्षर बरा होता," त्या म्हणाल्या. बशी उचलली आणि तांदूळ भिजत घालायला निघून गेल्या.