मुडपलेली कड

माझ्या थोरल्या मावशीने जन्मभर बटणं विकली. अरुंद गल्लीतलं दुकान, भिंतभर लहान लहान खण आणि प्रत्येक खणाच्या तोंडावर आतल्या बटणाचा एक नमुना दोऱ्याने शिवलेला. कुणी कोटाचं बटण हरवून आलं की ती आधी कोटाकडे बघायची, मग माणसाकडे, आणि मग शिडीवर चढायची. शिडीवरून बोलण्याचा तिला भारी सोस. "तुटलं की तोडलं कुणी?" असं वरून विचारायची आणि गिऱ्हाईक कानकोंडं व्हायचं. दुकानाचा मालकसुद्धा तिला वचकून असे.

खणात पडलेल्या साध्या काचेच्या बटणाकडे कुणी ढुंकूनही बघत नसे. तीच चार बटणं मखमली पुठ्ठ्यावर टाचून दर्शनी काचेत ठेवली की बायका "अगंबाई!" करत आत शिरायच्या. "बटण तेच गं, बसायला गादी दिली एवढंच," मावशी म्हणायची.

ती तरुण होती तेव्हा दुकानाच्या वरच्या खोलीत एक चित्रकार राहायचा. काटकुळा, सदा सर्दीने बेजार. सुटीच्या दिवशी खिडकीशी बसाल का, चित्र काढायचंय, असं त्याने एकदा विचारलं. काका ट्रकवर, महिना महिना घराबाहेर. मावशी हो म्हणाली खरी, पण पोरीला ठेवणार कुणाकडे? म्हणून छकुलीही बरोबर गेली. नुकती चालायला लागलेली. रंगाची नळी दिसली की चावायला धावायची. मावशी स्टुलावर ताठ बसायची, नजर समोर, आणि एक हात बाजूला लांबवून छकुलीचा फ्रॉक मागून घट्ट पकडायची. चित्रकार म्हणाला, "असू द्या, तिलाही काढतो." मग चित्राच्या एका कडेला छकुली आली.

त्यातली गंमत मावशी आम्हाला हजारदा सांगायची. चित्रकार म्हणायचा, "हलू नका," आणि स्वतःच शिंकायचा. तो शिंकला की छकुली त्याची नक्कल करायची, अगदी मान झटकून. पुन्हा तो शिंकायचा, पुन्हा ही. मावशीच्या पोटात हसू मावेना, आणि ओठ हलवायचे नाहीत म्हणून ती दातांत ओठ दाबून बसायची. "डोळ्यांत पाणी यायचं गं हसू दाबून," ती म्हणायची.

चित्र पुरं होण्याआधीच चित्रकार दुसऱ्या शहरात गेला. त्याच थंडीत छकुलीला ताप आला आणि पोर हातची गेली. काका दर खेपेला म्हणायचे, पुढच्या वेळी आलो की स्टुडिओत जाऊन फोटो काढू. ती पुढची वेळ आलीच नाही. छकुलीचा एकही फोटो नव्हता. मावशीला पुन्हा मूलही झालं नाही. आई सांगते, पुढचं वर्षभर मावशी शिडीवर चढायची, बटण काढून द्यायची आणि एक शब्द बोलायची नाही.

पुढे चित्रकार मोठा झाला, वारला, आणि त्याची चित्रं आमच्या शहरातल्या संग्रहालयात आली. बसथांब्यावर जाहिरात लागली. मी दवाखान्यात जायला निघालेली, तिथे मी पेशंटचे नंबर पुकारते, आणि बघते तर समोर मावशीचं नाक! आमच्या घराण्याचं ते नाक लपत नाही. खाली लिहिलं होतं, 'प्रतीक्षा'.

मावशी तेव्हा म्हातारी झाली होती, गुडघे बोलायला लागले होते. तरी दुसऱ्याच दिवशी वेणीफणी करून दारात उभी. "छकुली दिसेल," एवढंच म्हणाली.

चित्राला अख्खी खोली दिली होती. गडद भिंत, वरून एकच दिवा, समोर बाक. लोक देवळात बोलावं तसं कुजबुजत होते. माहिती सांगणारा तरुण कॉलेजच्या मुलींना समजावत होता, "तिचे मिटलेले ओठ बघा, भरलेले डोळे बघा. तिचा हात चौकटीबाहेर कुणाकडे तरी जातोय आणि तिथे कुणीच नाही. ही रिकामी जागा म्हणजेच हे चित्र." एका मुलीने रुमाल काढला.

"कुणी नाही कसं?" मावशी मोठ्याने म्हणाली. "तिथे छकुली आहे. मी धरलंय तिला. कुठे गेली ती?"

तो तरुण गोंधळला. मला आधी लाज वाटली, मग त्या लाजेचाच राग आला. संग्रहालयाच्या बाई आल्या. भल्या होत्या, त्यांनी मावशीला बसवून सगळं ऐकून घेतलं. "मग तिचं पुढे काय झालं, आजी?" त्यांनी विचारलं आणि मावशीने सांगितलं.

काही आठवड्यांनी बाईंनी बोलावलं. चौकट काढून चित्र टेबलावर ठेवलं होतं. चित्रकाराने कॅनव्हासची कड लाकडावर मागे मुडपून खिळे ठोकले होते. त्या मुडपलेल्या पट्टीवर छकुली होती. फ्रॉकची झालर, एक गाल, वर केलेली हनुवटी. एक खिळा तिच्या केसांतून गेला होता. मावशी वाकली, गाल टेबलाला टेकवून बाजूने बघत राहिली. "शिंकतेय बघ," ती म्हणाली आणि हसली. इतकं मोकळं हसताना मी तिला आधी कधी बघितलं नव्हतं. मला रडू फुटलं.

"त्याने का मुडपली असेल?" बाईंनी विचारलं.

"भित्रा होता तो. पोर गेल्याचं कळलं असेल, बघवलं नसेल त्याला."

कड उलगडली तर रंग उडेल, बाई म्हणाल्या. पण त्यांनी त्या पट्टीचा मोठा फोटो काढून चित्राशेजारी लावला आणि पाटी नवी केली. आम्ही हौसेने बघायला गेलो. पाटीवर लिहिलं होतं: एका मातेचं चित्र. कडेला तिची मुलगी. ही मुलगी लवकरच तापाने मरण पावली.

लोक आधी पाटी वाचत, मग मान वर करत. वर बघताना त्यांचे चेहरे आधीच पडलेले असत. एक बाई म्हणाली, "बिचारी! आईला आधीच कळलं असेल बघा, डोळ्यांत दिसतंय."

मावशी संग्रहालयाच्या बाईंकडे गेली. "ते शेवटचं वाक्य काढा."

"पण आजी, खरं आहे ना ते? लोकांना कळायला नको?"

"तेव्हा खरं नव्हतं. तेव्हा ती शिंकत होती." तिचा आवाज फाटला. "सगळीकडून गेलीय हो ती. या एका ठिकाणी जिवंत होती. इथेही मारलीत."

बाईंचे डोळे भरले. त्यांनी समितीपुढे विषय मांडला, समितीने सहानुभूती कळवली. वाक्य तसंच राहिलं. मावशी पुन्हा तिथे गेली नाही. शिंकेची गोष्टही तिने पुन्हा कधी सांगितली नाही. आम्ही विषय काढला की म्हणायची, "पाटीवर लिहिलंय ना, वाचा तिथेच."

मावशी मागच्या वर्षी गेली. मी अधूनमधून संग्रहालयात जाते. पाटीकडे न बघता सरळ बाकावर बसते आणि तिच्या मिटलेल्या ओठांत ते दाबलेलं हसू शोधते. ते तिथे आहे, मला पक्कं ठाऊक आहे. खूप वेळ बघते. मलाही आता तिथे एक रडणारी बाईच दिसते.